दाढ भरताना तोंड मिटलं तेव्हा

उजवीकडची खालची एक दाढ आणि तिच्यासमोर वरची एक, एवढीच जोडी माझ्याकडे चावायला उरली आहे. डावीकडे वर दोन आहेत, पण त्यांच्या खाली कोणी नाही, मग त्या नुसत्या दाखवायला. तर त्या उजवीकडच्या दोघींच्या जिवावर मी भाकरी खाते, शेंगदाणे खाते, आणि बोलते तर काय, कशाच्याही जिवावर.

खालच्या दाढेत फार वर्षांपूर्वी चांदी भरलेली होती. आमचे हे कागद मिलमध्ये होते, तेव्हा तिथल्या दवाखान्यात भरली. हे गेले, मी मुलाकडे, या केळीच्या मुलखातल्या लालबागला, राहायला आले, चांदी आपली जागेवर. मग गेल्या दिवाळीनंतर एक दिवस फुटाणे खाताना काहीतरी कडक लागलं. हातावर काढून पाहते, तर चांदीचा काळा खडा, आणि त्याच्याबरोबर दाढेचा एक तुकडा.

मला घाम फुटला. का ते सांगते. माझ्या सासूबाईंच्या सगळ्या दाढा लवकर गेल्या होत्या आणि कवळी त्यांना कधी बसली नाही. त्या दुधात भाकरी कुस्करून स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवायच्या. ओठातून ओघळायचं, सुनांसमोर लाज वाटायची. चौदा वर्षं मी त्यांची पाठ पाहिली जेवताना. मला ते भिंतीकडे तोंड नको होतं. दुसऱ्या कशाला मी एवढी भीत नाही.

लालबागातच एक दातांची डॉक्टरीण आहे, माझ्या सुनेच्या वयाची. तिने आरसा घालून पाहिलं आणि म्हणाली, "काकू, दाढ वाचेल. पण चांदी मी आता भरत नाही. दातासारखा पांढरा मसाला भरते."

"पांढरा मागच्या दाढेत टिकतो का? तिथे तर सगळं दळण," मी विचारलं.

"चांगला टिकतो. पुष्कळ वर्षं टिकतो. फक्त त्याचं एक आहे. चांदी थोड्या ओल्यातही बसायची. हा ओल्यात धरत नाही. भरताना थुंकीचा एक थेंब लागला तरी वरून छान दिसेल, पण कडेने फट राहील. मग त्या फटीतून कीड खाली जाते, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. तुमची दाढ अर्धीच उरली आहे. पुन्हा किडली तर काढावी लागेल. म्हणून मी सांगेपर्यंत तोंड मिटायचं नाही आणि बोलायचं तर बिलकुल नाही."

"ते दुसरं अवघड आहे," मी म्हटलं. ती हसली. मीही हसले. शेवटचं हसले म्हणा त्या दिवसातलं.

दोन्हीकडे कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या. निळा लेप लावला, धुतला, हवा मारली, काहीतरी पातळसं चोळलं, निळा दिवा धरला. मी आ करून छताच्या पंख्याकडे पाहत पडले. जबडा दुखायला लागला होता, पण मी सासूबाईंची पाठ डोळ्यांसमोर धरून ठेवली. मग मसाला घ्यायला ती पाठमोरी वळली, आणि तेवढ्यात दाराबाहेर खाकरल्याचा आवाज आला.

तो आवाज मी ओळखते. माझे मोठे दीर, आमच्याकडे जेठजी म्हणतात, आमच्या गावाहून, दापोऱ्याहून, केळीच्या कामाला शहरात आले की आमच्याकडे डोकावतात. घरी सुनेने सांगितलं असणार, आई दातांच्या दवाखान्यात गेल्यात. जेठजी कोणत्याही दारात आत येण्याआधी खाकरतात. लग्न होऊन आले तेव्हापासून तो आवाज आला की आम्ही सुनांनी पदर डोक्यावर घ्यायचा, तोंड मिटायचं, बाजूला व्हायचं. त्यांच्याशी मी कधी समोरासमोर बोललेली नाही. काही सांगायचं तर मधे कोणीतरी लागतं, नाहीतर भिंतीला सांगायचं.

मी काही ठरवून केलं नाही. हात आपोआप पदराकडे गेला आणि तोंड मिटलं. कापूस जिभेखाली घसरला. एवढा वेळ साठलेली लाळ दाढेवर आली, मला ती कोमट लागली. मी लगेच आ केला. जेठजी दारात थबकले, मान फिरवली आणि बाहेर गेले.

डॉक्टरीण वळली. कापूस हललेला पाहिला. "काकू, तोंड मिटलं नाही ना?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

असं का केलं, मला आजही नीट सांगता येत नाही. तिने एवढं बजावलं होतं, आणि बाहेर जेठजी ऐकत बसलेले. तिने कापूस बदलला, दाढ पुसली, मसाला थराथराने भरला, प्रत्येक थरावर दिवा धरला, रंगीत कागद चावायला देऊन उंच भाग घासला. आरशात दाखवली. अशी पांढरीशुभ्र, की जन्मतः तशीच असावी.

तिथून माझे दिवस खराब झाले. जीभ सारखी त्याच कडेवर जायची. जेवताना, देवापुढे बसल्यावर, शेजारणीशी बोलता बोलता मधेच. सून म्हणायची, "आई, गालात काय चघळताय?" मी म्हणायचे, काही नाही. पौष संपेपर्यंत काही जाणवलं नाही, तेव्हा वाटलं निभावलं. मग माघात गार पाण्याची एक कळ आली. नंतर कोबीचा धागा रोज त्याच जागी अडकायला लागला. डॉक्टरणीने सांगितलेलं सगळं एकेक करून घडत होतं, आणि मी जाऊन सांगत नव्हते, कारण जाऊन सांगायचं काय? खोटं बोलले म्हणून?

चैत्रात दापोऱ्याहून गहू आले. आमच्या घरात कोठीत गहू भरायचे तर आधी गच्चीवर उन्हं देतात आणि मग कोणीतरी दाणा मागच्या दाढेखाली धरून फोडतं. कट्ट वाजला तर वाळला, दबला तर अजून ऊन. ओला गहू भरला की टोके, दाणा पोखरणारे किडे, झालेच. सासूबाईंच्या दाढा गेल्या तेव्हापासून हे काम माझं. जेठजींचा दुसऱ्या कोणाच्या दाढेवर विश्वास नाही.

उन्हं देऊन झाल्यावर ते फाटकाशी खाकरले. मी पदर घेतला. त्यांनी माझ्या सुनेला सांगितलं, "सुनबाई, तुझ्या सासूला म्हन, दाना पाहून घे."

सगळे बघत होते. मी दाणा उजवीकडे ठेवला आणि दाबला.

कट्ट वाजलं. पण ते गव्हाचं होतं की माझं, मला कळलं नाही. कळ कानापर्यंत गेली. मी अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन हातावर थुंकले. गव्हाचे दोन तुकडे, आणि एक पांढरा कण, तांदळाच्या कणीएवढा.

मूठ मिटून मी भिंतीला म्हणाले, "अजून एक ऊन द्या."

जेठजी सुनेकडे बघून म्हणाले, "आज पयल्यांदा तुझ्या सासूला नक्की सांगता नाही आलं."

दुसऱ्या दिवशी मी निघाले. मुलगा कामाने इंदूरला, सून शाळेत शिकवायला गेलेली. जेठजी गव्हासाठी राहिले होते, ते बरोबर आले. ऑटोत ते पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे.

खुर्चीत बसल्याबरोबर मी तो कण डॉक्टरणीच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. खाकरणं, पदर, लाळ, मान हलवली ते पण.

तिने तो कण ट्रेमध्ये ठेवला. मग म्हणाली, "काकू, तेव्हाच बोलला असता तर पुन्हा धुतलं असतं. दोन मिनटाचं काम होतं."

"जेठजी दारात होते ना."

"मग?"

मी आ केला.

तिने जुना मसाला काढायला घेतला. मशीन फिरत होतं आणि मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते, मास्कच्या वर तेवढेच दिसतात. कितीतरी वेळ ते हलले नाहीत. शेवटी म्हणाली, "कीड सुरू झाली आहे, पण वरवरच आहे. साफ होते. तळ कडक आहे. आता मात्र शेवटची संधी समजा." मग उठून दाराशी गेली. "बाबा, अर्धा तास खाकरायचं नाही."

"मी कशाला खाकरतो?" बाहेरून आवाज आला.

"ते मला नाही माहीत. काकूंची दाढ जाते त्याने."

मला वाटलं धरणी दुभंगावी.

या वेळी तिने रबराचा पातळ पडदा लावला, त्यातून फक्त दाढ वर काढली. नाकाने श्वास घ्यायचा. निळा लेप, पाणी, हवा, दिवा. पहिला थर बसला. आणि बाहेर बाकावर सुरू झालं, आधी घशात घरघर, मग दाबून धरलेला खोकला. म्हाताऱ्या माणसाला खोकू नको म्हटलं की खोकला येणारच. माझं तोंड मिटायला आलं. हात उठला, मी थांबवू शकले नाही, पदर डोक्यावर आला. पण तोंड तसंच ठेवलं, उघडं. डॉक्टरीण म्हणाली, "शाब्बास. तसंच." बाहेर चपला घाईने पायऱ्या उतरल्या. मग रस्त्यापलीकडून, उसाच्या रसाच्या गाडीपाशी, पोटभर खोकल्याचा आवाज आला.

परत येताना जेठजी समोरच्या काचेकडे बघत ड्रायव्हरला म्हणाले, "भाऊ, विचार बरं मागे, किती टिकेल म्हने ती?"

ड्रायव्हर बिचारा अर्धा वळला. मीच बोलले. "कोरडी बसली आहे. पुष्कळ वर्षं टिकेल म्हणाली. दर सहा महिन्यांनी दाखवायची. आणि दाणे फोडायचे नाहीत."

जेठजींनी मान फिरवली नाही. पण उत्तर मला दिलं, ड्रायव्हरला नाही. "मंग गहू कोन पाहील?"

"सून पाहील. तिच्या सगळ्या दाढा शाबूत आहेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी कोणी खाकरलं नाही. बेल वाजली, मग जेठजी आत आले. सुनेने गच्चीवरून गव्हाची मूठ आणली, एक दाणा तोंडात टाकला आणि दाबला. ती म्हणाली, "मला नाही कळत, आई."

मला मात्र तिच्या तोंडातलं कट्ट बाहेरूनही ऐकू आलं होतं.

"वाळलाय," मी म्हणाले. "भरा."