शितांनी चिकटवलेल्या वायरी

भोरच्या एका शाळेत मी गेली वीस-बावीस वर्षं विज्ञान शिकवतो. विजेचा धडा आला की एक सेल, एक बटण, एक बल्ब आणि दोन वायरी घेऊन वर्गात जातो. बल्ब लागला की मुलं टाळ्या वाजवतात, आणि आपण जगावर काही उपकार केले असं मला घटकाभर वाटतं. एवढ्याच भांडवलावर मी काकांच्या मोटारसायकलीला हात घातला.

काका म्हणजे माझे धाकटे चुलते. ते विंझरला असतात. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर गाईम्हशींच्या जखमा बांधायला सारी नोकरीभर त्याच गाडीवरून हिंडले. गाडी टू-स्ट्रोक, आवाज भात भरडायच्या गिरणीसारखा. पुढे काकांना मोतीबिंदू झाला, नजर मंदावली आणि गाडी पडवीत भाताच्या कणगीशेजारी उभी राहिली ती राहिलीच.

काकांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, चाकणला नोकरीला. गणपतीला आला तेव्हा त्यानं सांगून टाकलं की दिवाळीला येताना तो भंगारवाल्याचा टेम्पो घेऊनच येणार. नवं भात ठेवायला पडवीत जागा नव्हती, तेव्हा त्याचंही खोटं नव्हतं. काका ताटात अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी म्हणालो, "मी करतो चालू. दिवाळीच्या आत."

"झाली तर राहू दे," चुलतभाऊ म्हणाला. "नाही झाली तर टेम्पोत. मग दादा, तूही मधे पडायचं नाही."

असा करार झाला. इंजिन मी नसरापूरच्या मिस्त्रीकडे दिलं. सांगाडा गंजलेला, म्हणून वेल्डिंग आणि रंग. त्यासाठी आधी सगळी वायरिंग उतरवायला हवी होती, आणि ते काम या मास्तरांनी स्वतःकडे ठेवलं. काकांनी एवढंच सांगितलं, "इंजिन कुणालाबी दे. वायरींना तेवढं जपून. त्या माज्या हातच्या हायेत."

हेडलाइटचा डूम उघडला तर आत शेवयांचा गोळा. कुठली वायर जाड, कुठली बारीक, कुणाचा रंग कुणाला नाही. जागोजागी मळकट बँडेज गुंडाळलेलं, कुठं चिकटपट्टी, तर एका जोडाला चक्क जनावरांना टाके घालायचा दोरा. आता मी वर्गात टापटिपीला वेगळे गुण देणारा माणूस. प्रत्येक वायर कुठून निघते आणि कुठं जाते ते दोन रविवार शोधलं, वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, 'हॉर्न', 'ब्रेकचा दिवा' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग ती सगळी बँडेजं सोलून टाकली, वायरी पेट्रोलच्या फडक्यानं लख्ख पुसल्या आणि चिठ्ठ्या लावायला घेतल्या.

गोंद सापडेना. पण आमच्याकडे कागद चिकटवायला गोंदावाचून कुणाचं अडत नाही. काकूंनी वाटीत दुपारचा भात दिला. चिकट इंद्रायणी, त्यात गरम. बोटानं शितं रगडली आणि चिठ्ठ्या अशा बसवल्या की ओढून निघेनात. सगळी जुडी बांधून मी कणगीवर ठेवली, सांगाडा टेम्पोत घालून नसरापूरला पाठवला आणि भोरला येऊन वर्गात पोरांना पद्धतशीरपणाचं महत्त्व सांगितलं.

पंधरा दिवसांनी गेलो. सांगाडा रंगून आला होता, मिस्त्रीनं इंजिन बसवून दिलं होतं. जुडी उतरवली तर वायरी नुसत्या. भाताच्या कणगीवर भातानं चिकटवलेल्या चिठ्ठ्या ठेवल्यावर उंदरांनी दुसरं काय करावं? त्यांनी वायरींना दातही लावला नव्हता, फक्त चिठ्ठ्या खाल्ल्या होत्या. एक तेवढी शिल्लक होती. एका वायरीबद्दल मला खात्री नव्हती म्हणून तिच्यावर मी 'नक्की नाही' असं लिहिलं होतं. ती राहिली.

मोबाईलवर फोटो काढले होते, नाही असं नाही. पण त्यांत अर्धी माझीच सावली होती आणि उरलेल्या अर्ध्यात सगळ्या वायरी एकाच काळ्या रंगाच्या.

हे काकांना सांगायचं सोडून मी पुढचे दोन रविवार अंदाजानं जोडत बसलो. हॉर्न दाबला की मागचा दिवा लागायचा. ब्रेक दाबला की काहीच नाही, फक्त करपल्याचा वास. काका ओट्यावर बसून पावटा सोलायचे आणि विचारायचे, कुठवर आलं? मी म्हणायचो, होत आलंय. त्यांना नीट दिसत नाही याचा मी फायदा घेत होतो, हे लिहायला आज लाज वाटते. तेव्हा वाटली नाही, हे आणखी वाईट.

दिवाळी चार दिवसांवर आली. शाळेला सुट्टी लागली होती आणि टेम्पो ठरल्याचा चुलतभावाचा फोनही येऊन गेला. शेवटी सकाळचा चहा घेताना मी सगळं सांगून टाकलं.

काकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्या. आन माज्या पट्ट्या?"

"त्या मीच काढल्या."

"मंग उंदराला कशाला नाव ठिवतो? वाचायची खूण तर तूच पुसली."

तेव्हा कुठं मला कळलं. ते बँडेज म्हणजे हॉर्न, तो दोरा म्हणजे ब्रेक. अंधारात, डोंगरात, हातानं चाचपून ओळखता यावं म्हणून प्रत्येक जोडाला त्यांनी वेगळं बांधलं होतं, आणि मी त्याला घाण म्हणून चुलीत घातलं.

काका गाडीपाशी येऊन पाटावर बसले. म्हणाले, एकेक हातात दे. पहिली वायर त्यांनी दोन बोटांत फिरवली. कापडाचं वेष्टण होतं तिला. ही केळदच्या एका घरातल्या इस्त्रीची, म्हणाले. त्यांच्या अडलेल्या म्हशीला सोडवायला गेलो तवा हॉर्न तुटलेला. दुसरी गुळगुळीत, जुळी. ती मंडळाच्या स्पीकरची, पाबे घाटातून उतरताना मागचा दिवा गेला तेव्हाची. तिसरी पंपाची, जाड, बॅटरीला. मी नुसता जोडत गेलो आणि प्रत्येक जोडाबरोबर एक गाव ऐकत गेलो. वीस-बावीस वर्षं शिकवणाऱ्याला त्या सकाळी पाटासमोर जमिनीवर बसून शिकावं लागलं. दुपारपर्यंत दिवे लागले, हॉर्न वाजला. एक वायर उरली, तीच 'नक्की नाही' वाली. काकांनी ती हाताळली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हिची घाई न्हाई."

ती कशाची हे विचारायचं होतं, पण त्या दिवशी विचारण्याइतकी माझी पत उरली नव्हती.

धनत्रयोदशीला चुलतभाऊ आला. मागोमाग टेम्पो. काकांनी त्याला सांगितलं, तूच किक मार. त्यानं दोन मारल्या, काही नाही. टेम्पोवाला मागचा फळका सोडायला लागला. काकूंनी पदर तोंडाला लावला. तिसऱ्या किकला गाडी खोकली, चौथ्याला लागली. पडवीभर निळा धूर, कोंबड्या आंब्याखाली पळाल्या.

चुलतभाऊ जरा वेळ ऐकत उभा राहिला. मग चावी फिरवली. गाडी चालूच. त्यानं चावी काढून हातात घेतली. तरी चालूच.

"दादा, ही बंद का होईना?"

मी वाकून वायरी बघायला लागलो. काका काठी टेकत आले, चाचपून पेट्रोलचा कॉक बंद केला आणि म्हणाले, "दम धर. आतलं संपलं का बसंल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "विझवायची वायर आधी जोडत्यात व्हय रं?" ती उरलेली 'नक्की नाही' वाली वायर कशाची, ते मला तेव्हा कळलं.

आम्ही सगळे तिच्याभोवती उभे. टेम्पोवालाही. काकांचा हात टाकीवर होता. दोन-तीन मिनिटांनी गाडी हळू झाली आणि थांबली. टेम्पोवाल्यानं विचारलं, मग भरायची का?

चुलतभावानं पडवीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं नाही. "चालू गाडी कुणी भंगारात घालतं का," म्हणाला. "तो गंजका पलंग न्या. ही गोठ्याच्या बाजूला लावतो."

पण गोठ्याकडे त्यानं ती ढकलत नेली नाही. कॉक उघडला, किक मारली आणि अंगणातून थेट वेल्ह्याच्या रस्त्याला लागला. काका ओट्यावर जाऊन बसले, कान गाडीच्या आवाजाकडे लावून. आता ओढ्यावरच्या मोरीवर गेला, म्हणाले. आता चढाला लागला. मग कपाळाला आठी घातली.

"दुसऱ्या गेरात टाकायची न्हाई व्हय हितं."