इंजिनाची धार

मी लग्न होऊन बोरीवलीपल्याडच्या खाडीकाठी आले, तेव्हा सासरच्या होडीला मागून लावायचं इंजिन नुकतंच आलं होतं. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. सगळ्या घराचा जीव त्या इंजिनात. ते गेलं तर पुन्हा वल्ही, आणि सासऱ्यांचे खांदे तोवर कामातून गेलेले.

त्याला रोज आंघोळ लागे, तीही गोड्या पाण्याची. खारं पाणी आत सुकलं की नळ्या खातं. म्हणून होडी आली की नवरा ते खांद्यावरून अंगणात आणायचा, पाण्याच्या पिंपाच्या काठाला आवळायचा आणि खालचा भाग पाण्यात बुडवून थोडा वेळ चालवायचा. पिंप भरायचं कोणी? नव्या सुनेनं. विहीर लांब, वाट चढाची. मी मुलुंडच्या चाळीत नळाखाली वाढलेली. मान मोडून यायची, पण पिंप भरायचं नाव घेत नसे. इंजिन न्हायचं, मग उरल्या पाण्यात मी.

एवढ्यावर सुटका नव्हती. इंजिनाला आतून गार ठेवणारं पाणी मागच्या बारीक भोकातून धार धरून बाहेर पडतं. धार तुटली की इंजिन तापून जाम होणार. ती धार बघत उभं राहायचं कामही माझंच.

"पदर खोच, केस बांध, इंजिनाच्या खालच्या पंख्यापासून लांब राहा," सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. "आणि मुततंय का तेवढं बघ."

घरात सगळे हेच म्हणत. पण मी पडले सातवी पास! असला शब्द, आणि सासऱ्यांसमोर? छे. मी नुसती मान हलवायचे. काय तो तोरा. पायात त्राण नाही, पण जीभ सोवळ्यात.

एका संध्याकाळी उभ्या उभ्या माझा डोळा लागला. उघडला तर धार बारीक झालेली. बघता बघता थेंब थेंब, मग तेही नाही. नवरा पेट्रोलच्या नळीशी वाकलेला, इंजिनाचा नुसता गोंगाट.

"अहो, बंद झालं!"

"काय बंद?"

"ते हो... ते..." ओट्यावर सासरे बसलेले. मी डोकं खाजवून शाळेतला शब्द काढला. "लघुशंका!"

"मग जा ना! मला काय विचारतेस?"

सासरे खाकरून दुसरीकडे बघायला लागले. तेवढ्यात तापल्या रंगाचा वास आला आणि माझं सातवी पास तिथंच संपलं.

"मुतत नाय ओ तुमचं इंजिन!"

सगळ्या गल्लीनं ऐकलं. नवऱ्यानं झटकन बंद केलं. सासूबाई धावत हंडा घेऊन आल्या, तर सासरे ओरडले, "थांब गो! तापल्यावर गार पाणी ओततेस? तडा जाईल."

मग आम्ही चौघं त्या इंजिनाभोवती बसून राहिलो. सासरे हात जवळ न्यायचे, मागे घ्यायचे. शेवटी हात टेकवता आला, तेव्हा नवऱ्यानं माझ्या अंबाड्यातला आकडा उपसून भोकात घातला. एक ओला खवला बाहेर आला, नखाएवढा. दोरी ओढली. पुन्हा ओढली. इंजिन सुरू झालं, आणि मागून धार सुटली ती थेट सासऱ्यांच्या पायावर.

"मुतलं गो बाय!" म्हातारा हसत हसत रडायला लागला.

मला हसू येईना. पिंपातलं पाणी तेलकट, कोमट झालेलं. म्हणजे उद्या पुन्हा तळापासून.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बाया वाट बघतच होत्या. "काय गो, तुझ्या इंजिनाला झाली का?"

"झाली. तुझ्या नवऱ्यापेक्षा सरळ मुततंय," मी म्हटलं. लाजायचं तर त्यालाही अंगात जोर लागतो.

हसता हसता त्यांनी मला रांगेत पुढं घेतलं, आणि मी सगळ्यांआधी पाणी भरलं. हंडा डोक्यावर चढला आणि मान कालच्याच जागी दुखली.