वस्तऱ्याखालचा होकार

त्याला सगळे लोणी म्हणत. खरं नाव होतं, पण ते बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागे. दाढी करताना त्याचा वस्तरा गालावरून असा सरके, की डोळे मिटलेल्या माणसाला वाटावं, ढगाची सावली शेतावरून चालली आहे. कोणीतरी कधीतरी म्हणून गेलं, "हात आहे का लोणी!" आणि हाताचं नाव माणसाला चिकटलं ते कायमचं.

रस्ता जिथे वळतो तिथे एक पत्र्याची शेड होती, तिन्ही बाजूंनी उघडी. शेडखाली एक लाकडी खुर्ची, एक लांब बाक आणि खांबाला टांगलेला, वस्तरा घासायचा चामड्याचा पट्टा. एवढंच लोणीचं राज्य. वळणावरून येणारी प्रत्येक गाडी, प्रत्येक सायकल, गाठोडं घेतलेली प्रत्येक बाई या शेडसमोरून जाई. बाकावरचे म्हातारे तिच्याकडे बघत, ती दिसेनाशी झाली की तिच्याविषयी बोलत, आणि आपला नंबर येण्याची वाट बघत. नंबर आला की म्हणत, "त्याला घे आधी. मला घाई नाही." हे लोणीच्या डोळ्यांदेखत रोज घडे. पण रोजचं दिसतं म्हणून ते कळतंच असं नाही.

एकदा तो मोठ्या शहरात गेला आणि तिथे त्याने आरशांचं दुकान पाहिलं. भिंती नाहीतच, नुसते आरसे. रस्त्याच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच. खुर्ची जमिनीत पक्की रोवलेली. पायाने दाबलं की खाली-वर होणारी. लोणी परत आला तो डोक्यात ते दुकान घेऊनच. त्याला आपली शेड एकाएकी उघडी पडल्यासारखी, लाज वाटण्यासारखी दिसू लागली.

तो उतावळा नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. त्याने विचारल्याशिवाय पाऊल टाकलं नाही. एकेका गिऱ्हाइकाला विचारलं. गालाला फेस लावून, मान मागे टेकवून, वस्तरा कंठापाशी आला की तो हळूच म्हणे,

"काका, आरशांचं दुकान काढायचं म्हणतोय. याल ना?"

"हूं."

"पाठ भरून येणार नाही अशी खुर्ची. आवडेल ना?"

"हूं."

जुना पोस्टमन हूं म्हणाला. गुडघ्याने अधू झालेला गवंडी हूं म्हणाला. महिनाभरात सगळ्या वळणाने होकार दिला. लोणी बायकोला म्हणाला, "एकही माणूस नाही म्हणाला नाही. एकही!" ती म्हणाली, "मग देव पावला म्हणायचा. मला तर घरात एकही माणूस हो म्हणत नाही."

जागा थोरल्या भावाची होती. शेडच्या समोरच, रस्त्यापलीकडे, घराची पुढची खोली. घराच्या मागे भावाचं पोत्यांचं गोदाम. भाऊ वाईट नव्हता, पण त्याचं प्रत्येक देणं दोरी बांधलेलं असे.

"वर्षभर चालव," तो म्हणाला. "चाललं तर खोली तुझी. नाही चाललं, तर खोली गोदामाला आणि तू वजनकाट्याला. परक्याच्या हातात काटा देऊन देऊन माझी झोप उडाली आहे."

लोणीने मान डोलावली, पण नजर गोदामाच्या दाराकडे गेली. त्यांच्या वडिलांची हयात त्या काट्यासमोर गेली होती. गोदामाला खिडकी नव्हती. दुपारी बाराला आत दिवा लागे. वडील खोकत घरी येत आणि जेवायच्या आधी बराच वेळ उंबऱ्यावर रस्त्याकडे बघत बसत. पोरवयात लोणीने हातात वस्तरा धरला तो त्या गोदामात जायला नको म्हणूनच.

पण सगळं वळण हो म्हणालं होतं. मग भीती कसली? त्याने शेड एका पंक्चरवाल्याला देऊन टाकली, बाकासकट, हौसेने. म्हणाला, "मला आता काय करायची!"

दुकान झालं. सहा आरसे लागले. खुर्चीचे बोल्ट गवंड्याने स्वतः सिमेंटमध्ये बसवले. "आता भूकंप आला तरी हलणार नाही," असं म्हणून तो अभिमानाने तिच्यावर टेकला. पहिले काही दिवस सगळे येऊन गेले. वा, वा म्हणाले. मग दोन दिवसांनी येणारा आठवड्याने येऊ लागला, आठवड्याने येणारा महिन्याने. मग काचेपलीकडची सकाळ नुसतीच उजाडू लागली आणि नुसतीच मावळू लागली.

यात खुपणारी गोष्ट अशी, की माणसं कुठे गेली नव्हती. ती समोरच होती. पंक्चरवाल्याच्या बाकावर, जुन्या जागी, जुन्याच क्रमाने बसलेली. काचेतून लोणीला सगळे दिसत. आधी त्यांच्या गालांवर राखेसारखं काहीतरी उगवलं, मग खुंट आले, मग बघता बघता दाढ्या झाल्या. रस्त्याच्या त्या बाजूला दाढ्या वाढत होत्या आणि या बाजूला वस्तरा गंजू नये म्हणून लोणी त्याला रोज तेल लावत होता. चुकून नजरानजर झाली तर पोस्टमन आकाशाकडे बघे, गवंडी गुडघ्याकडे.

दुकान सोडून जाता येईना. न जाणो, तेवढ्यात कोणी आलं तर? बसून राहवेना, जिकडे मान वळवावी तिकडे आरशात तोच. डोक्यामागचं टक्कलसुद्धा त्याला आता पाठ झालं होतं. काच पक्की बसवलेली, तिला झडप नव्हती. उन्हं चढली की खोली भट्टीसारखी तापे. गिऱ्हाईक येईना तसतसा तो दुकान सजवू लागला. पंखा आणला, सुगंधी पाणी आणलं, आरशांच्या कडेने दिवे लावले. दार उघडून बायको आत डोकावली आणि म्हणाली,

"सहा नवरे दिसतात. कामात एकही नाही."

तो हसला. सहाही हसले. ते बघून त्याचं हसू आटलं.

मग एके दिवशी भाऊ चार पोती घेऊन आला. "तुझी जागा रिकामीच आहे. कोपऱ्यात राहू देत." आरशांनी चाराची चोवीस करून दाखवली. पुढच्या आठवड्यात आणखी आली. लोणी खुर्चीत बसला की त्याला वाटे, पोती भिंतीतून उगवताहेत आणि रांगेने पुढे सरकताहेत. वर्ष भरत आलं होतं. भावाने काट्याशेजारी एक नवं स्टूल आणून ठेवल्याचं बायकोने पाहिलं होतं. तिने ते सांगितलं नाही, पण त्या दिवशी वाढताना तिचा हात जड झाला, म्हणून त्याने गोदामाच्या दारातून डोकावून पाहिलं.

अशात आरसा पुसताना कोपरा तडकला आणि लोणीचा उजवा अंगठा खोल कापला. पट्टी बांधावी लागली. चार दिवसांत त्याचीच दाढी वाढली.

"असं तोंड घेऊन भावापुढे जाऊ नका," बायको म्हणाली. "माणूस हरला तर हरला. दिसायला तरी हरलेला दिसू नये."

म्हणून तो पलीकडच्या गल्लीतल्या घाईवाल्याकडे गेला. घाईवाला म्हणजे दुसरा दाढी करणारा. त्याचा वस्तरा चाले तसा कोयताही चालत नसेल. आयुष्यात पहिल्यांदा लोणी दुसऱ्याच्या खुर्चीत बसला. फेस झाला. मान मागे गेली. कंठावर गार पातं टेकलं आणि घाईवाला म्हणाला,

"तुझ्यासारखेच आरसे लावतोय मीपण. सगळ्या भिंतींना. बेस्ट आहे ना कल्पना?"

लोणीच्या छातीतून शब्द उसळला, नको रे बाबा! पण पातं नेमकं गळ्याच्या घाटीवरून चाललं होतं आणि धरणारा हात घाईत होता. लोणीने श्वास धरला. ओठ न हलवता जेवढं निघेल तेवढं निघालं.

"हूं."

"बघ! तू म्हणालास म्हणजे झालं. उद्याच सांगतो काचवाल्याला."

टॉवेल निघाला तसा लोणी ताडकन उठला. "लावू नकोस. एकही लावू नकोस. बुडशील."

"अरे, आत्ता तर हो म्हणालास!"

"तुझा वस्तरा होता ना गळ्यावर!"

म्हटलं आणि तो तिथेच उभा राहिला. फेसाचा एक ओघळ कानामागून मानेवर उतरत होता, तो पुसायचं त्याला सुचलं नाही. घाईवाला काहीतरी बोलत होता. लोणीला ऐकू येत होते ते शेडमधले हुंकार. पोस्टमनचा. गवंड्याचा. सगळ्या वळणाचा. हूं. हूं. हूं.

तो तडक बाकाकडे गेला. त्याला येताना बघून म्हातारे चुळबुळले. पोस्टमन म्हणाला, "अरे लोणी, ये ये. येणारच होतो आम्ही तुझ्याकडे. काय आहे, जरा थंडी..."

उन्हं मी म्हणत होती.

लोणीने पट्टी बांधलेला हात वर केला. "पोस्टमनकाका, आज हातात काही नाही. धरताही येत नाही. आज खरं बोला."

पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे वर आले. मग पोस्टमन म्हणाला, "तुझी खुर्ची रस्त्याकडे पाठ करून आहे."

"मग?"

"मग काय? सगळा जन्म मी लोकांची दारं बघत हिंडलो. आता रस्ता माझ्यासमोरून हिंडतो, तो बघायला येतो मी. तुझ्याकडे बसलो की मागून गाडी गेल्याचा आवाज येतो आणि कोण गेलं ते कळत नाही. दिवसभर चुटपुट लागून राहते."

"रस्ता दिसतो की आरशात!"

"उलटा दिसतो. येणारा जाताना दिसतो."

गवंडी बाकाच्या टोकाला होता. गुडघा चोळत होता. लोणी त्याच्यापुढे उकिडवा बसला. "आणि तुम्ही, गवंडीकाका? खुर्ची तर तुमच्याच हातची."

"दाढी काय, घरीही होते," गवंडी जमिनीकडे बघत म्हणाला. "कापून घेतो थोडंफार, पण होते. तुझ्याकडे यायचो ते... हसू नकोस हं. या वयात गालाला हात कोण लावतं रे? म्हातारी गेल्यावर कोणीच नाही. तुझा लागायचा. डोळे मिटून बसायचो. तुझ्या दुकानात डोळे उघडले, तर सहा म्हातारे. आणि कोणी मायेने हात लावला की माणसाचं तोंड कसं होतं, ते आपलं आपल्याला बघवत नाही."

पंक्चरवालासुद्धा ट्यूब हातात घेऊन तसाच बसून राहिला.

"आधी का नाही सांगितलंत?" लोणी म्हणाला, पण आवाजात राग नव्हता.

"तू विचारायचास तेव्हा मानेवर काय असायचं?" पोस्टमन म्हणाला. सगळे हसले. लोणीही हसला. बऱ्याच महिन्यांनी, आणि आरशातल्या सहांशिवाय.

दुसऱ्या दिवशी गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन आला. लंगडत, शिव्या देत. स्वतःचंच काम फोडायचं म्हणजे काळजाला घरं पडतात. "इतकं पक्कं कशाला केलं होतं मी, मूर्ख!" असं म्हणत त्याने जमीन फोडली. खुर्ची सुटली. दोघांनी तिला वळवलं आणि तोंड रस्त्याकडे केलं. काच काढून टाकली. पाच आरसे उतरवून पोत्यांमागे भिंतीकडे तोंड करून ठेवले. सहावा, तडकलेला, केस नीट झाले का ते बघणाऱ्यासाठी आतल्या बाजूला राहिला. म्हाताऱ्यांना बसायला बाक नव्हता, तेव्हा ते पोत्यांवर बसले.

वर्ष भरलं त्या सकाळी अंगठा बरा झाला होता. भाऊ आला तो कुलूप हातात घेऊनच. आधी त्याला फोडलेली जमीन दिसली, मग आपल्या पोत्यांवर मांडी घालून बसलेला पोस्टमन.

"हे काय?"

"बाकापेक्षा मऊ आहेत," पोस्टमन म्हणाला.

भाऊ काहीतरी तोडून बोलणार होता. पण लोणीने खुर्ची पुसली आणि म्हणाला, "दादा, बस. तुझीही वाढली आहे."

भाऊ का बसला, कोण जाणे. दमला असेल. मान मागे टेकली. समोरून एक सायकल गेली, मग दुधाच्या किटल्यांची गाडी. त्याची नजर त्यांच्यामागे वळणापर्यंत गेली. रस्त्याकडे तोंड करून, काही न मोजता तो शेवटचा कधी बसला होता, ते त्यालाही आठवलं नसतं. वस्तरा गालावरून उतरून कंठाशी आला. आतल्या दारातून बायको कुजबुजली,

"आता विचारा. मानेवर आहे तोवर."

लोणीने नकाराची मान हलवली. दाढी पुरी केली. फेस पुसला, वस्तरा मिटला, टॉवेल काढला. मिटलेला वस्तरा लांब, पोत्यावर ठेवला. मग समोर उभं राहून विचारलं,

"दादा, खोली ठेवू का मी?"

भावाने गालावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"नाही," तो म्हणाला. "म्हणजे, सगळी नाही. पोती हलणार नाहीत. गोदामात जागा नाही. आणि काट्याला मला माणूस हवाच. दुपारनंतर तू ये. सकाळी कर इथे काय करायचं ते."

खिडकी नसलेली दुपार लोणीच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. दिवा, धूळ, नवं स्टूल. त्याला ती चुकवता आली नव्हती. गोदाम अर्धंच चुकलं होतं. पण खुर्चीतल्या माणसाकडून त्याला मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर होतं, आणि त्याने ते तसंच घेतलं.

भावाने कुलूप खिशात टाकलं. दारात थांबून तो म्हणाला, "यांना पोत्यांची शिवण उसवू देऊ नकोस," आणि गोदामाकडे वळला.

लोणीने टॉवेल झटकला. "चला, पोस्टमनकाका."

पोस्टमन पोत्यावर आणखी जरा मागे रेलला. वळणावर कसली तरी गाडी वाजत होती.

"गवंड्याला घे आधी," तो म्हणाला. "मला घाई नाही."