दादाची रिळं

दादाला जाऊन महिना झाला. काल त्याची पेटी उघडली तेव्हा टेपच्या जुन्या रिळांचा आंबट वास नाकात शिरला, आणि मी मनाने कुरुदच्या तलावाकाठी जाऊन उभी राहिले.

तेव्हा भिलाईचा कारखाना उभा राहत होता. एका रशियन इंजिनीअरकडून मागून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर दादा सकाळच्या भोंग्याआधी टिटव्यांचे आवाज भरत बसला होता. त्याच सकाळी कारखान्यात त्याची मुलाखत होती. तिच्यासाठी बाबांनी साहेबाचे पाय धरले होते.

"बाबा कवाचे तुले शोधून राहिले," मी म्हटलं. "टिटव्या पगार देतीन का तुले?"

त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"तोंड नाही का तुले? कावून बोलत नाही?"

मी पाण्यात दगड भिरकावला. टिटव्या ओरडत उडाल्या. दादाने माझ्याकडे पाहिलंही नाही.

काल सगळी रिळं लावली, त्याचा एखादा शब्द सापडेल म्हणून. टिटव्या आहेत, दगड आहे, माझं भांडण स्वच्छ आहे. दादा कुठेच नाही. पाखरांसाठी तो श्वाससुद्धा रोखून बसायचा. त्याचा मला आजही राग येतो.