पणजोबांचा हुद्दा

आमच्या प्लांटवरचा अमेरिकन साहेब साठीला आला तसा पूर्वजांच्या मागे लागला. त्याचा कुणी सात पिढ्यांमागचा आजा अमेरिकेच्या मिलिशियात होता. मिलिशिया म्हणजे तो देश नुकता उभा राहत होता तेव्हाची गावकऱ्यांची फौज. शेतकरी काय, लोहार काय, बोलावणं आलं की घरची बंदूक घेऊन हजर. त्या काळच्या हजेरीपटांचे फोटो साहेब कुठून कुठून मागवायचा आणि ते किरटं अक्षर लावायला जेवणाच्या सुट्टीत मला बसवायचा. तीन महिने खपलो आम्ही. शेवटी आजा सापडला तो असा: दीड महिना चाकरी, मग पीक कापणीला आलं म्हणून कुणाला न विचारता घरी पळालेला. नावापुढे तसा शेराच मारलेला होता.

मला वाटलं, आता हा कागद खणात जाणार. कसलं काय! साहेबाने तो अख्ख्या कँटीनमध्ये मिरवला. "माझा आजा पळपुटा!" म्हणून पोट धरून हसला. मला त्याचा रागच आला. इतकं बिनधास्त असणं माणसाला परवडतं तरी कसं, हे मला कळेना.

त्याच सुमारास माझे वडील व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे कुवेतमध्ये, मंगफला आले. चिपळूणजवळच्या गावात त्यांचं सलून आहे, ते सत्तरीतही रोज स्वतः उघडतात. एका शुक्रवारी साहेबाला जेवायला बोलावलं. साहेबाने आजाची गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली, मी ती मराठीत केली, आणि वडील एकदम खुलले.

"त्यांना सांग, माझे आजोबापण पलटणीत होते. पहिल्या महायुद्धात, इराकात बसऱ्याला. इथनं जवळच की रे!"

साहेबाने चमचा खाली ठेवला आणि हुद्दा काय होता ते विचारलं.

"हुद्दा कसला?" वडील म्हणाले. "पलटणीचे न्हावी होते. कर्नलची दाढीपण तेच करायचे. तोफा वाजत असल्या तरी कुणाच्या गालाला वस्तरा लागला नाही कधी. सांग त्यांना."

मी सांगितलं. चांगल्या ठसक्यात, इंग्रजीत सांगितलं की पणजोबा पलटणीत सुभेदार होते.

लबाडी करायची तर निदान डोकं तरी वापरावं. अख्ख्या वाक्यात वडिलांना कळेल असा एकच शब्द होता आणि तोच मी घातला होता. साहेब ताडकन उठला आणि त्याने वडिलांना कडक सॅल्यूट ठोकला. वडिलांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तेही उठले. उजवा हात कालवणाने भरलेला, म्हणून त्यांनी डाव्या हाताने सॅल्यूट केला, हसतसुद्धा केला. माझी अब्रू राखायला केला, हे मला कळत होतं. ज्या वस्तऱ्यावर मी इंजिनिअर झालो, तो मी एका परक्या माणसासमोर लपवला होता, आणि ज्याचा होता तो समोर बसून होता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

साहेब गेला. मी ताटं उचलायला लागलो. वडील खुर्चीवरून हलले नव्हते.

"आजोबांना सुभेदार केलंस, ते असू दे," ते म्हणाले. "मला काय केलंयस तुझ्या हापिसात?"

आणखी एक खोटं बोलायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

"हेडमास्तर," मी म्हणालो. "रिटायर्ड."

त्यांनी मान हलवली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"तरीच जाताना तो मला सर म्हणाला," ते म्हणाले. "मला वाटलं, मलाच म्हणाला."