काळ्या करकोच्याचा दुसरा साक्षीदार

नव्वदच्या दशकाच्या मध्यात, फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी, गुडगावच्या बाहेरच्या एका तळ्यावर काळा करकोचा दिसला. तो आधी कोणाला दिसला याबद्दल मतभेद नव्हता. अडचण तीच झाली.

मी तेव्हा एका मराठी दैनिकाच्या दिल्ली कार्यालयात बातमीदार होतो आणि लक्ष्मीबाई नगरात एका सरकारी क्वार्टरच्या मागच्या खोलीत राहत होतो; कागदोपत्री पाहुणा म्हणून, प्रत्यक्षात भाड्याने. वरच्या मजल्यावर एक मराठी जोडपं होतं. काका एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. काकू घर सांभाळत, स्वेटर विणत आणि काकांच्या पक्षिनिरीक्षणाला 'चिमण्यांची ड्यूटी' म्हणत.

काकांनी मला पक्षिनिरीक्षकांच्या क्लबात नेलं ते पक्ष्यांसाठी नव्हे, साक्षीसाठी. क्लबचा नियम असा होता की एकट्याने पाहिलेला पक्षी धरायचा नाही. दोन सदस्यांनी पाहिला तरच तो पाहिला गेला. फेरी संपली की सगळे सतरंज्यांवर गोल बसत आणि अध्यक्ष एकेका पक्ष्याचं नाव पुकारत. अध्यक्ष म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले कर्नल. ज्याने पक्षी पाहिला असेल त्याने हात वर करायचा. दोन हात आले तर पक्षी मंजूर. एकच हात आला तर कर्नल म्हणत, "देखा होगा," आणि पुढचं नाव घेत. तोवर कोणी डबा उघडायचा नाही, त्यामुळे वाद फारसे लांबत नसत.

काका नेहमी घोळक्यापासून दूर, एकटे फिरत, कारण बडबडीने पक्षी उडतात असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे त्यांना चांगलं जे काही दिसे ते एकट्यालाच दिसे. क्लबात त्यांचं नाव 'देखा होगा साहब' पडलं होतं.

त्यांना हवं ते फार नव्हतं. क्लबने आजवर न पाहिलेला पक्षी ज्याला पहिल्यांदा दिसेल, त्याचं नाव वार्षिक सभेत वाचून दाखवलं जाई आणि पक्ष्यापुढे कायम राही. पुढच्या महिन्यात काका निवृत्त होऊन पुण्याला जाणार होते. बसमध्ये शेजारी बसून त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं.

"आयुष्यभर टिपणी मी लिहिली आणि सही दुसऱ्याने केली. एक, फक्त एक गोष्ट माझ्या नावावर पाहिजे. तुम्ही माझ्या मागे दहा पावलांवर राहा. बोलू नका. मी बोट दाखवलं की बघा. बस्स."

मी कबूल झालो.

ती चार्टर्ड बस एरवी याच वसाहतींतल्या बाबूंना केंद्रीय सचिवालयात नेत असे. रविवारीही माणसं आपापल्या रोजच्याच जागेवर बसली होती. त्या दिवशी काकूही आल्या. पक्ष्यांबद्दल मत बदललं होतं असं नाही. सामानाची बांधाबांध सुरू होती आणि घरातल्या खुर्च्या आदल्या दिवशी विकल्या गेल्या होत्या.

"घरी बसू कुठे, ट्रंकेवर?" त्यांनी मला विचारलं. "त्यापेक्षा उन्हात तरी बसेन."

तळ्याच्या तीन बाजूंना नव्या वसाहतींचे फलक लागले होते. एका फलकावरच्या चित्रात खऱ्याहून मोठं तळं होतं आणि त्यात हंस पोहत होते. चौथ्या बाजूने ट्रक माती आणून तळ्यात टाकत होते. क्लबातला एक तरुण, मूळचा पुण्याचा, नुकताच गुडगावात एका परदेशी कंपनीत लागलेला, त्याच वसाहतीत घर बघून आला होता. "बाल्कनीतूनच बर्डिंग करता येणार, काका," तो म्हणाला.

"लवकर घ्या," काका म्हणाले. "तळं आहे तोवर."

काकूंनी बांधावर सतरंजी पसरली, विणकाम काढलं आणि संत्री सोलायला घेतली. काका वेताच्या बेटाकडे निघाले. दहा पावलांवर मी. क्लबची बाकी मंडळी पलीकडे बदकं पाहत होती. काही वेळाने त्या तरुणाने मला हाक मारली. त्याची नवी दुर्बीण तिकाटण्यावर बसत नव्हती. मी वळलो. नेमकं तेव्हाच मागून काकांचा दबका आवाज आला.

"अहो! अहो! बघा!"

मी पाहिलं तेव्हा फलकामागच्या बांबूच्या परांचीवरून काहीतरी मोठं, काळं, पलीकडे उतरत होतं. ते कावळ्याहून मोठं होतं, एवढं मी खात्रीने सांगू शकलो असतो.

सतरंज्यांवर सगळे गोल बसले. बदकं झाली, बगळे झाले, मग काकांनी स्वतःहून उभं राहून सांगितलं. काळा करकोचा. क्लबच्या यादीत नसलेला.

"किसी और ने देखा?" कर्नलनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"मी पाठमोरा होतो," मी म्हणालो.

"अहो, तुम्ही पेपरात रोज 'विश्वसनीय सूत्रांकडून' लिहिता ना?"

"सूत्र निदान दोन लागतात, काका."

"म्हणजे इथलाच नियम," तरुण म्हणाला आणि डब्याच्या झाकणाकडे हात नेऊन मागे घेतला.

कर्नलनी घसा साफ केला. "देखा हो—"

"लाल पायांचा ना?" काकू म्हणाल्या. त्या टाके मोजत होत्या, मान वर केली नव्हती. "तो तर केव्हाचा तिथे उभा होता."

कर्नलना मराठी येत नव्हतं, पण गप्प झालेली माणसं त्यांना कळत. त्यांनी काकूंकडे मोर्चा वळवला. आधी सदस्यत्वाची चौकशी झाली. काकांनी कित्येक वर्षं सहकुटुंब वर्गणी भरली होती, कारण त्यात वार्षिक सभेला दोन जेवणं मिळत. म्हणजे काकू सदस्य होत्या. त्यांना ते नव्यानेच कळलं.

"मैडम, गर्दन सफ़ेद थी न?" कर्नलनी विचारलं. प्रश्नात खोच होती. पांढऱ्या मानेचा करकोचा त्या तळ्यावर नेहमी येई आणि नवखे लोक त्यालाच काळा समजत.

"गर्दन बिल्कुल काली. पेट सफ़ेद. चोंच लाल, पाँव लाल." काकूंनी सुया खाली ठेवल्या. "और काला भी ऐसा सादा काला नहीं. धूपछाँव साड़ी होती है ना? वैसा. हिलता था तो हरा दिखता था, फिर जामुनी."

सगळ्या बायकांनी माना हलवल्या. कर्नल क्षणभर थांबले आणि त्यांनीही हलवली.

"मंज़ूर," ते म्हणाले. काकांचा चेहरा उजळला. "और मैडम, आपने कब देखा?"

"आल्या आल्या. पहिलं संत्रं सोलत होते. हे अजून बूट बांधत होते."

"आणि मला सांगितलं नाहीस?" काका ओरडले.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुम्ही एवढे त्यातले."

कर्नलना ते हिंदीत सांगण्यात आलं. नियम त्यांनी स्वतः केला होता. पक्षी ज्याला पहिल्यांदा दिसला, त्याच्या नावावर. काळा करकोचा काकूंचा झाला. काका दुसरे साक्षीदार. मग डबे उघडले. काकूंच्या तिखटामिठाच्या पुऱ्या सगळ्यांनी घेतल्या. काकांनी घेतल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या मागच्या सीटवर होतो.

"आधी पाहिलास हे सांगायची काय गरज होती?"

"त्यांनी विचारलं. खोटं सांगू?"

"खोटं नको. मोघम सांगायचं. 'सुमारास' म्हणायचं."

"तुमच्या ऑफिसात म्हणतात तसं?"

धौला कुआँला बस सिग्नलपाशी थांबली. मग काकू म्हणाल्या, "एवढं लागलंय तर सभेत सांगते, माझी चूक झाली, तो कावळा होता."

"मग तर पक्षीच जाईल!" काका म्हणाले. "मी एकटा उरतो."

"मग काय करायचं ते तुम्ही ठरवा. मला त्याचं काही नाही. मला फक्त स्वेटर पुरा करायचाय."

त्यानंतरच्या पंधरवड्यात काकांनी बरेच मार्ग शोधले. जिन्यात गाठून ते मला सांगत. संयुक्त नोंद करता येईल का, हे कर्नलना विचारून झालं, नाही म्हणाले. दुर्बिणीविना पाहिलेला पक्षी ग्राह्य धरावा का, असा मुद्दाही त्यांनी तयार केला होता. तो त्यांनी स्वतःच मागे घेतला.

"काढला असता मुद्दा," ते म्हणाले. "पण मग पुण्यात मला कोण जेवायला वाढणार?"

वार्षिक सभा एका सामुदायिक केंद्रात झाली. बाहेर गाजराचा हलवा गरम होत होता आणि आत कर्नल हिवाळ्यातले नवे पक्षी वाचत होते. काळ्या करकोच्यापाशी ते थांबले. या नोंदीला नियमाप्रमाणे दोन्ही साक्षीदारांनी सभेपुढे दुजोरा द्यावा, असं ते म्हणाले.

काकू बसूनच म्हणाल्या, "हाँ जी, देखा."

काका उभे राहिले. कोटाचं बटण लावलं. मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांच्या हातात एक दुमडलेला कागद होता, तो त्यांनी उघडला नाही.

"काला करकोचा था," ते म्हणाले. "सर्टिफ़ाई करता हूँ. पहले इन्होंने देखा. मैंने बाद में."

"कितना बाद में?" मागून कोणीतरी विचारलं.

"दो संतरे बाद."

सभेत हशा झाला. कर्नलनी टाळ्यांची वाट न पाहता नोंद वाचली. प्रथम निरीक्षण, काकूंचं नाव. दुजोरा, त्यांचे पती. त्यापुढे त्यांनी काकांचं नाव उच्चारलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

दोघांनी दोन जेवणं घेतली. महिनाअखेरीला त्यांनी क्वार्टर रिकामं केलं. त्या हिवाळ्यात क्लबातल्या दुसऱ्या कोणाला काळा करकोचा दिसला नाही.