पहिली रांग तिसऱ्या पाळीची

हेमाताई साखवळकरांचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते झोपेत. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी ‘पहिल्या भेटीपासून सुरुवात करा’ असं बजावून सांगितलं आहे, तेव्हा खरं तेच लिहितो. त्यांना नाही आवडलं तर त्यांनी खुशाल कात्री चालवावी.

परभणीला डिप्लोमा करून मी नुकताच भोसरीतल्या एका कंपनीत लागलो होतो. तिसरी पाळी, म्हणजे रात्रभर काम. एका गुरुवारी सकाळी पाळी सुटली तेव्हा आमच्या फोर्जिंग विभागातले गेनूभाऊ मला म्हणाले, “गाणं ऐकाया येतो का रं? च्या बी मिळतो.” गेनूभाऊ मूळ चिखलीचे, कंपनीतले जुने जाणते, त्यांना नाही म्हणायची माझी टाप नव्हती. शिवाय चहा होता. चिखली रस्त्यावरच्या तंत्रनिकेतनात त्यांनी मला नेलं. तिथल्या ड्रॉइंग हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या आणि समोर एक बाई तंबोरा जुळवत बसल्या होत्या. गेनूभाऊंनी मला थेट पहिल्या रांगेत बसवलं. बाईंनी डोळे मिटून षड्ज लावला. मीही डोळे मिटले. उघडले तेव्हा हॉल रिकामा झाला होता, माझ्या डोक्याखाली कोणीतरी उशी सरकवली होती आणि त्याच बाई शेजारी बसून तंबोऱ्यावर गवसणी चढवत होत्या.

मी धडपडत उठलो. “माफ करा मॅडम,” म्हणालो.

“माफी कसली? तोडीत झोपलात की नंतर?”

“मॅडम, मला त्यातलं काही कळत नाही.”

“मग पुढच्या गुरुवारी या. जितका वेळ जागे राहाल तितकं कळेल. चहा गार झालाय तुमचा, दुसरा सांगते.”

झाली ओळख! आज त्याच बैठकीत मी तबल्याला बसतो, आणि तबला हाती घ्यायला लावला तोही ताईंनीच. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायचा मान मला मिळावा हे मी माझं भाग्य समजतो. औपचारिक वाक्य एवढं एकच. पुढचं आपल्या भाषेत.

ताईंचं माहेर मिरजेचं. गाण्याची तालीम तिथलीच, कडक. लग्न होऊन चिंचवडला आल्या आणि त्याच तंत्रनिकेतनात गणित शिकवू लागल्या. त्या काळी इथल्या शिकल्यासवरल्या मंडळींचं एक ठरलेलं होतं, की गाणं ऐकायचं तर पुण्याला जावं. आपल्याकडे काय, भोंगे आणि धूर! ताईंना हे अजिबात पटायचं नाही. इतकी माणसं राहतात तिथे गाणं का राहू नये, असा त्यांचा साधा सवाल होता. संगणक आल्यावर ड्रॉइंग हॉलमधले आराखडे काढायचे फळे अडगळीत गेले आणि तो मोठ्या खिडक्यांचा, आवाज छान धरून ठेवणारा हॉल ओस पडला. ताईंनी प्राचार्यांकडून तो मागून घेतला आणि दर रविवारी संध्याकाळी बैठक सुरू केली, अगदी पुण्यासारखी. आले कोण? चार प्राध्यापक आणि त्यांच्या कंटाळलेल्या सौभाग्यवती.

दुसरं कोणी असतं तर ‘इथल्या लोकांना कदरच नाही’ म्हणून मोकळं झालं असतं. ताई थेट कंपनीच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभ्या राहिल्या आणि विचारू लागल्या, “तुम्ही गाण्याला का येत नाही?” तिथेच त्यांना गेनूभाऊ भेटले. ते म्हणाले, “बाई, ऐतवार आमचा न्हाईच. आमची सुट्टी गुरुवारची. अन् गुरुवारी बी दुपारनं ग्यास, ब्यांक, पोरांची शाळा. यायचं तर सकाळच्या पारी, पाळी सुटल्याव.”

त्या आठवड्यापासून बैठक गुरुवारी सकाळी. आणि रीत अशी पडली, की कंपनीची बस येऊन तिसऱ्या पाळीची माणसं आत बसल्याखेरीज तंबोरे छेडायचे नाहीत. पहिली रांग त्यांची. त्यातल्या कोणाला झोप लागलीच तर त्याला उठवायचं नाही. खोकायचं नाही, ढोसायचं नाही, घोरला तर कूस बदलायला मदत करायची. एवढाच आमचा कायदा. याचा एक फायदा असा झाला, की सकाळचे राग, जे इतरत्र सहसा कानावर पडत नाहीत, ते आमच्या लोकांच्या अंगवळणी पडले. तोडी, देसकार, जौनपुरी ही आमच्याकडे घरची माणसं आहेत. संध्याकाळचा यमन मात्र आम्हाला पाहुण्यासारखा भेटतो.

एकदा एक मोठे गायक आले होते. नाव सांगत नाही. माणूस भला, पण नाकाच्या शेंड्यावर राग. विलंबित ख्याल रंगात आला आणि पहिल्या रांगेतून घोरण्याचा आवाज सुरू झाला. बुवा थांबले. म्हणाले, “हा माझा अपमान आहे.” ताई तंबोऱ्यामागून शांतपणे म्हणाल्या, “बुवा, ते रात्रभर घणासमोर उभे होते. घरी गादी आहे त्यांना. तरी झोपायला तुमच्या सुरात आलेत. यापेक्षा मोठी दाद मी तरी कधी पाहिली नाही.” बुवा हसू लागले आणि पुन्हा जे गायले, काय सांगू! जाताना म्हणाले, मला पुन्हा बोलवा. बोलावलं. आले.

ताई प्रेमळ आहेत, पण मऊ नाहीत, हेही इथे लिहून ठेवायला हवं. आमच्यातल्याच एका हितचिंतकाने सुचवलं होतं, की कामगार मंडळींसाठी जरा सोपं, हलकंफुलकं ठेवावं. ताईंचा चेहरा लाल झाला. “का? त्यांचे कान हलके आहेत का?” एवढंच बोलल्या. तो विषय पुन्हा कोणी काढला नाही. सुराच्या बाबतीत तर त्या कोणाची गय करत नाहीत. माझा ठेका घाईला आला की आजही भर बैठकीत माझ्याकडे अशा बघतात, की मला दहावीचा गणिताचा पेपर आठवतो.

आणि मन किती मोठं! मारुंजीला भाड्याच्या खोलीत राहणारी रश्मी रात्रभर परदेशी गिऱ्हाइकांशी संगणकावर बोलायची. एका गुरुवारी भीत भीत आली आणि मागे दाराशी बसली. ताईंनी विचारलं, “रात्रपाळी ना? मग मागे का? पुढे या.” ती म्हणाली, “मी कंपनीतली नाही हो, आयटीतली आहे.” ताई म्हणाल्या, “तिसरी पाळी ती तिसरी पाळी.” गेनूभाऊंनी सरकून जागा केली. रश्मी त्या दिवशी झोपली नाही, रडली. इथे आल्यापासून कोणी मला ‘पुढे या’ म्हणालंच नव्हतं, असं नंतर म्हणाली. आता ती ताईंची पट्टशिष्या आहे, आणि पोरीचा आवाज, दृष्ट लागेल असा.

आता मुख्य गोष्ट. ताई निवृत्त झाल्या तरी हॉल बैठकीकडेच होता, पण तो निव्वळ लोकांच्या भलेपणावर. मध्यंतरी तंत्रनिकेतनाच्या संस्थेत नवे अध्यक्ष आले. कामाचा उरक दांडगा, फोन कानाला चिकटलेला. त्यांनी हॉलमध्ये नवं संगणक केंद्र काढायचं ठरवलं. ताई त्यांना भेटायला गेल्या तेव्हा मी बरोबर होतो. साहेब म्हणाले, “मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे. पण मी असं ऐकलंय की तिथे लोक झोपायला येतात.”

मी तोंड उघडणार तोच ताई म्हणाल्या, “खरं आहे. झोपायलाही येतात. तुम्ही एकदा या, मग काय ते ठरवा.”

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, निदान ‘छे छे’ तरी म्हणायचं! हा हॉल गेला तर बैठक गेली. दुसरी जागा कोण देणार, तीही कामाच्या दिवशी सकाळी? साहेब म्हणाले, “येतो, पण पंधराच मिनिटं. पुढे मीटिंग आहे.”

मग आम्ही कार्यकर्त्यांनी आमची अक्कल चालवली. दिघीहून, निगडीहून ताजेतवाने, आंघोळ केलेले श्रोते गोळा केले. पहिल्या रांगेत त्यांना बसवलं. तिसऱ्या पाळीला हात जोडून सांगितलं, आजच्या दिवस मागे बसा आणि काळा चहा प्या. बिचारे मागे सरकले. गेनूभाऊसुद्धा पेला हातात घेऊन भिंतीला टेकले.

ताई आल्या. हॉलभर नजर फिरवली. “हे कोणी केलं?” आम्ही सगळे छताकडे बघत राहिलो. ताईंचा आवाज चढलेला मी तेव्हा ऐकला. “हॉल जायचा असेल तर जाऊ दे. पण त्यांना मागे बसवून जो राहील तो हॉल मला नको. गेनूभाऊ, पुढे या. रश्मी, तूसुद्धा.” निगडीकर-दिघीकर उठून मागे गेले. तेवढ्यात अध्यक्षसाहेब आले, आणि जागा उरली होती नेमकी पहिल्या रांगेत, गेनूभाऊ आणि रश्मी यांच्या मधोमध. मी मनातल्या मनात बैठकीचं श्राद्ध घातलं.

ताईंनी तोडी सुरू केली. त्या दिवशीची तोडी मी विसरणार नाही. घाई नाही, विनवणी नाही, कोणाला काही पटवून द्यायचं नाही. साहेबांनी फोन दोनदा पाहिला. मग उलटा ठेवला. मग मांडी जरा सैल केली. गेनूभाऊंची मान केव्हाच छातीवर गेली होती. आणि थोड्या वेळाने बघतो तर काय, साहेबांचीही मान हळूहळू कलतेय! कलली, आणि गेनूभाऊंच्या खांद्यावर जाऊन टेकली. माझा ठेका चुकता चुकता राहिला.

पंधरा मिनिटं केव्हाच उलटून गेली. साहेबांचे सचिव दारातून खुणा करू लागले. शेवटी चपला काढून, वाकत वाकत आत आले आणि साहेबांच्या दंडाला हात लावणार, तोच गेनूभाऊ जागे झाले. खांदा जराही न हलवता त्यांनी सचिवांचं मनगट धरलं आणि हळूच म्हणाले, “हितं उठवत न्हाईत, सायेब.”

सचिवांनी ताईंकडे पाहिलं. अख्खा हॉल ताईंकडे बघत होता. मीटिंग चुकली आणि साहेब भडकले तर सगळंच संपणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ताईंनी आलाप न तोडता मानेनेच ‘नाही’ म्हटलं. रश्मीने आपली उशी पुढे सरकवली. सचिव बिचारे तिथेच खाली बसले.

साहेबांना जाग आली ती भैरवीत. दचकून उठले, घड्याळ पाहिलं, गेनूभाऊंच्या सदऱ्याचा चुरगळलेला खांदा पाहिला. भैरवी संपेपर्यंत मात्र हलले नाहीत. संपल्यावर उभे राहिले तेव्हा डोळे ओले होते. म्हणाले, “ताई, आई गेल्यापासून मला धड झोप नव्हती हो.” मॅडमचं ताई झालं होतं, हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मग सचिवांकडे वळून म्हणाले, “पुढच्या गुरुवारी सकाळचं काही ठेवू नका. आणि ते संगणक केंद्र मागच्या इमारतीत न्या.”

अहो, काय टाळ्या पडल्या! निगडीकर, दिघीकर, फोर्जिंग, आयटी, सगळे एकजात उभे. ड्रॉइंग हॉलच्या खिडक्या दणाणल्या. गेनूभाऊ मला म्हणाले, “बघ, नुसतं झोपून हॉल वाचवला का न्हाई!” आणि ताई? त्या तंबोऱ्यावर गवसणी चढवत होत्या. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, “तिसऱ्या आवर्तनात घाई केलीत तुम्ही.”

आता मी चाकणच्या कंपनीत आहे. तिथली सुट्टी रविवारी, म्हणून गुरुवारी मुद्दाम दुसरी, दुपारची पाळी मागून घेतो. गेनूभाऊ निवृत्त झाले, तरी पहिल्या रांगेत बसतात आणि जुन्या सवयीने झोपतात. आज या औद्योगिक पट्ट्यात सोसायटी-सोसायटीत गाण्याचे वर्ग चालतात, त्यांतले कितीतरी ताईंच्या शिष्यांचे आहेत. गाणं ऐकायला पुण्याला जावं लागतं असं आता आमच्याकडे कोणी म्हणत नाही. उलट गुरुवारी सकाळी पुण्याची मंडळी इकडे येतात. त्यांना आम्ही दुसऱ्या रांगेत बसवतो.

येत्या गुरुवारी ताईंच्या पंचाहत्तरीची बैठक आहे. रश्मी गाणार आहे, मी साथीला आहे. आणि ताईंना आम्ही पहिल्यांदाच समोर, पहिल्या रांगेत, गेनूभाऊ आणि अध्यक्षसाहेबांच्या मधोमध बसवणार आहोत. त्या कुरकुर करतील. ऐकून घेणार नाही.

ताई, आपली प्रकृती ठणठणीत राहो, आपला षड्ज असाच लागत राहो, आणि माझ्या ठेक्याकडे रागाने बघायला आपण आमच्यात पुष्कळ पुष्कळ वर्षं असा. इतकी वर्षं आपण जागत होतात आणि आम्ही आपल्यासमोर निर्धास्त झोपत होतो. या गुरुवारी आपला डोळा लागला तर खुशाल लागू द्या. उशी मी आणतोय. आणि जाग आल्यावर चहा गार झालेला असेल, तर दुसरा सांगतो.